सोसणे आणि सावरणे



निकाल लागले, शाळा सुरू व्हायची वेळ आली की वस्तीत भेटणाऱ्या माता-भगिनींच्या बोलण्याचा सूर एकच असतो. "पोरगं फार हळवं झालंय हो. जरा बोललं की डोळ्यांत पाणी." "मार्क कमी पडले तर दोन दिवस जेवली नाही." "वर्गात कुणी काही बोललं, आता शाळेतच जात नाही म्हणतो." आणि तक्रारीच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असते, "आमच्या वेळी असं नव्हतं. आम्ही किती सोसलं!"

सोसले, हे खरेच आहे. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आया-मावश्या खडी फोडायला गेल्या. १९८२ च्या गिरणी संपात कितीतरी घरांतली भांडी सावकाराकडे गेली. पाणी, रेशन, नोकरी, सगळीकडे मागे ढकलले गेलेले लोक आपण. त्या पिढीने कष्ट केले म्हणून आज आपली मुले शाळेच्या बाकावर बसली आहेत, याबद्दल दुमत नाही.

पण या हिशेबात एक गफलत आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे, निम्मे आयुष्य खतावण्या लिहिण्यात गेले. जमेची बाजू तेवढी दाखवून खर्चाची बाजू झाकली तर त्या ताळेबंदाला कुणी ताळेबंद म्हणत नाही. 'आम्ही सोसले आणि उभे राहिलो' असे आज सांगतात ते उभे राहिलेलेच लोक. त्याच चाळीतला सातवीत शाळा सोडून गेलेला मुलगा, पुढे दारूच्या गुत्त्यावर सापडणारा भाऊ, नवऱ्याचा मार खाऊन अबोल झालेली बहीण, यांनीही सोसलेच होते. त्यांची नोंद कोणत्या वहीत झाली? सोसण्याने माणूस घट्ट होतोच असे नाही. पुष्कळ माणसे सोसता सोसता आतून मोडतात आणि आपल्याला ते वीस वर्षांनी दिसते.

म्हणून आज आम्हाला सोसणे आणि सावरणे या दोन शब्दांतला फरक मांडावयाचा आहे. पडलेले मूल तसेच पडून राहिले आणि रडले नाही, तर ते सोसणे. पडले, रडले, कुणाचा तरी हात धरून उठले आणि पुन्हा चालू लागले, तर ते सावरणे. मुलांना शिकवायचे ते सावरणे. ते एकट्याने शिकता येत नाही.

हे नुसते आमचे मत नव्हे. हवाई बेटांपैकी काउआई नावाचे एक लहान बेट आहे. तिथे उसाचे आणि अननसाचे मळे होते, आणि पुष्कळ मुले मळ्यावर राबणाऱ्या मजुरांची. १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांचे सहकारी ती मुले चाळिशीला येईपर्यंत घेत राहिले. ज्या मुलांच्या वाट्याला गरिबी, घरातली दारू, आईबापांचे तंटे, आजारपण अशी अनेक संकटे एकदम आली होती, त्यांतली साधारण एक तृतीयांश मुले तरीही चांगली शिकलेली, जबाबदार, दुसऱ्याला धरून राहणारी माणसे झाली. त्यांच्यात काय वेगळे होते, हे शोधता शोधता एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. त्या मुलांना लहानपणी निदान एक तरी मोठे माणूस असे मिळाले होते, की ज्याला ते मूल मनापासून हवे होते. ते माणूस आईच असेल असे नाही. आजी, मावशी, शेजारीण, मास्तर, कुणीही. आणि जी मुले पंधरा-सोळाव्या वर्षी भरकटली होती, त्यांतलीही पुष्कळ पुढे तिशीत मार्गी लागली. तेव्हा ज्यांची मुले आज वळण सोडून वागत आहेत, त्यांनी 'आता हातचं गेलं' असे म्हणण्याची घाई करू नये.

आपल्या घरात तर याचे उदाहरण भिंतीवरच लावलेले आहे. फक्त ते आपण अर्धेच सांगतो. मूल अभ्यासाला बसले नाही की आपण तसबिरीकडे बोट दाखवतो, "बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे, आणि तुला दोन तास होत नाही!" बाबासाहेबांचे नाव मुलाला लाजवण्यासाठी वापरणे आम्हाला बरोबर वाटत नाही. शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले, पाण्याला हात लावू दिला नाही, हे आपण सांगतो. ते सांगितलेच पाहिजे. पण आई भीमाबाई गेल्या तेव्हा भीम पाच-सहा वर्षांचा होता आणि आत्या मीराबाईंनी त्याला पोटाशी धरले, हे किती घरांत सांगतात? सुभेदार रामजींनी परळच्या चाळीतल्या एका खोलीत मुलाच्या अभ्यासासाठी स्वतःची झोप मोडली. भीम लवकर झोपायचा, वडील जागे राहायचे, रात्री दोनला त्याला उठवून मग स्वतः आडवे व्हायचे. पुस्तकासाठी लेकींकडून पैसे, दागिना उसना आणायचे. बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाची केळुसकर गुरुजींनी आपण होऊन चौकशी केली. आत्या, वडील आणि गुरुजी अशी तीन माणसे त्या मुलाच्या पाठीशी होती.

आणखी एक. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आम्ही टक्केवारी काढून पाहिली, ३७.६ भरते. एवढ्या गुणांवर आज आपल्या घरात काय होईल ते सांगायला नको. पेढे तर सोडाच, नातेवाइकांचे फोन घ्यायला आईबाप तयार होणार नाहीत. त्या वेळी समाजाने सभा भरवून त्या मुलाचा सत्कार केला, आणि गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र त्याच्या हातात ठेवले.

आता घरात काय करावे ते पाहू. आपल्याकडे दहा बाय बाराची खोली, आई दोन-चार घरची कामे करून दमून आलेली, बाप कंत्राटावर, घरी यायला रात्रीचे नऊ. 'मुलांना वेळ द्या' असे सांगणाऱ्यांना हे ठाऊक नसते. पण वेळ म्हणजे तास-दोन तास नव्हेत. तांदूळ निवडताना, नळावर रांगेत उभे असताना, बाजारातून पिशवी घेऊन येताना मुले जे बोलतात ते समोरासमोर बसवून विचारल्यावर बोलत नाहीत. त्या दहा मिनिटांत आपले कान मोकळे असावेत, मोबाइल पिशवीत असावा, एवढे पुरे आहे.

मूल काही सांगू लागले की आपला पहिला प्रश्न असतो, "तू काय केलंस?" म्हणजे चौकशी सुरू होण्याआधीच आरोपी ठरला. त्याऐवजी "मग काय झालं?" असे विचारून पाहावे. बोलणे सरळ पुढे जाते. उपदेश घशाशी आला तरी गिळावा. उपदेशाला उद्याचा दिवस असतो.

लहान मुलांना आपल्या मनात काय चालले आहे त्याचे नाव माहीत नसते. शाळेत जायच्या वेळी रोज पोट दुखणाऱ्या मुलाला खरोखर पोटात दुखत असते, ते ढोंग नसते, पण त्याचे मूळ पोटात नसून वर्गात असते. अशा मुलाला आपण शब्द द्यावेत. मराठीत याची काही वाण नाही. हिरमुसणे, खट्टू होणे, ओशाळणे, धास्तावणे, चडफडणे, मन खाणे, किती शब्द! "तुला राग आलाय की लाज वाटली?" एवढे विचारले तरी मूल क्षणभर थांबून स्वतःकडे पाहते. जे नाव घेऊन सांगता येते त्याची भीती कमी होते, हा तर आपला सर्वांचाच अनुभव आहे. आणि मुलगा रडला तर "पोरीसारखा काय रडतोस" हे वाक्य घरातून कायमचे हद्दपार करावे. त्याने मुलाचे रडणे थांबत नाही, सांगणे थांबते. शिवाय ते शेजारी बसलेली पोर ऐकत असते.

त्या पोरीविषयीही लिहिले पाहिजे. धाकट्या भावाला कडेवर घेऊन भाकऱ्या थापणारी, कधी हट्ट न करणारी अकरा-बारा वर्षांची मुलगी प्रत्येक वस्तीत असते आणि सगळे तिला 'समजूतदार' म्हणतात. तिच्याकडे लक्ष द्यावे असे कुणाला वाटत नाही, कारण ती काही मागतच नाही. अशी मुलगी सोसायला शिकलेली असते. तिला आठवड्यातून एकदा तरी मुद्दाम जवळ बसवून विचारा की तुला काय हवे आहे. पहिल्यांदा ती "काही नाही" म्हणेल. पुन्हा विचारा.

आता आपल्या समाजाच्या मुलांचा खास प्रश्न. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा म्हणून भर वर्गात "सवलतीचे कोण कोण? उभे राहा" असे म्हणणारे शिक्षक आजही आहेत. आडनावावरून, फोटोवरून, निळ्या झेंड्यावरून टोमणे मारणारी मुले आहेत. एका आठवीच्या मुलीने अशा दिवसानंतर शिष्यवृत्तीचा अर्जच भरला नाही, घरी सांगितले की तारीख निघून गेली. खरे कारण आईला चार महिन्यांनी कळले.

इथे 'मुलांना कणखर करा' या सल्ल्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. "दुर्लक्ष कर", "आपल्याला शिकायचंय ना, मग गप्प बस" असे आपण प्रेमापोटीच सांगतो. पण मुलाच्या मनात त्याचा अर्थ असा उतरतो की आपल्यातच काहीतरी उणे आहे आणि ते झाकून ठेवायचे आहे. २०१६ साली हैदराबादला रोहित वेमुला गेला, २०१९ साली मुंबईत डॉक्टर पायल तडवी गेली. पीएच.डी. आणि एम.डी.पर्यंत पोचलेली ही मुले नाजूक होती असे कोण म्हणेल? त्यांना आणखी सोसायला शिकवायला हवे होते काय? अन्याय करणाऱ्याने थांबावे हाच त्यावरचा पहिला इलाज, आणि तो मागणे हे मोठ्या माणसांचे काम आहे.

म्हणून मुलाला स्पष्ट सांगावे, "यात तुझी चूक नाही. बोलणाऱ्याची आहे." शिष्यवृत्ती हा हक्क आहे, ती कुणाच्या खिशातून दिलेली भीक नव्हे, हे वयाप्रमाणे समजावून द्यावे. मग दुसऱ्या दिवशी आई किंवा बापाने, शक्य तर सोबत एखादा शेजारी घेऊन, शाळेत जावे. आरडाओरडा करू नये. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहावा, दोन प्रती कराव्यात, एकीवर शाळेचा आवक शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती घरी ठेवावी. तोंडी तक्रार हवेत जाते, हे कारकुनाचे बोल म्हणून ऐका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळेत मारणे किंवा त्यांचा मानसिक छळ करणे याला बंदी आहे. त्या कलमाचा उल्लेख अर्जात करावा. शाळेने दाद दिली नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, शहरात असाल तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जावे. या सगळ्या वेळी मूल आपल्याकडे पाहत असते. आपला बाप घाबरला नाही, शिव्याही दिल्या नाहीत, नीट बोलला आणि कागद घेऊन आला, हे त्याने पाहिले की कणखरपणाचा धडा पुस्तकाशिवाय होतो.

उलट टोकाचे काही पालकही आम्हाला दिसतात. आम्ही भोगले ते पोरांच्या वाट्याला नको म्हणून ते मुलाला साधी काडीही उचलू देत नाहीत. चित्रकलेची वही बाप रंगवतो, कॅरममध्ये मुद्दाम हरतो, पाचवीतल्या मुलाच्या चपलेचा पट्टा आई लावते. लहान लहान अडचणी मुलांच्या वाट्याला आल्याच पाहिजेत. दुकानातून सामान आणणे, उरलेले पैसे मोजून घेणे, बँकेत स्लिप भरणे, बसमध्ये रस्ता विचारणे, खेळात हरणे, हे सगळे शिक्षणच आहे. चुकू द्यावे. दहा रुपये हरवले तर हरवू द्यावेत. आपल्या मिळकतीत दहा रुपयेही थोडे नसतात, हे मान्य करूनच आम्ही लिहितो आहोत.

शाबासकीचेही तसेच. 'माझा मुलगा फार हुशार' हे त्याच्यादेखत म्हणायची आपल्याला हौस असते. अमेरिकेत क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. कोडी सोडवल्यावर काही मुलांना 'तू हुशार आहेस' म्हटले, काहींना 'तू मेहनत चांगली घेतलीस' म्हटले. पुढची कोडी मुद्दाम अवघड दिली, सगळीच मुले चुकली. त्यानंतर पुन्हा सोपी दिली, तेव्हा हुशार म्हटलेली मुले आधीपेक्षा मागे पडली आणि मेहनतीची शाबासकी मिळालेली पुढे गेली. इतकेच नव्हे, आपले गुण दुसऱ्यांना सांगताना हुशार म्हटलेल्यांपैकी बरीच मुले खोटे बोलली. हुशारीचा शिक्का पुसला जाईल ही भीती. प्रगतीपुस्तक दप्तराच्या तळाशी का लपते, याचा थोडा उलगडा यातून होतो. तेव्हा 'तीन वेळा चुकलास तरी गणित सोडलं नाहीस' असे म्हणावे. शेजारच्या मुलाशी तुलना तर मुळीच करू नये. त्याने दोन मुलांत वैर येते, गुण कुणाचेच वाढत नाहीत.

ध्यानाविषयी काही जण विचारतात. रोज सकाळी घरच्यांनी मिळून पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन शांत बसणे मुलांना आवडते आणि उपयोगीही पडते. पण मूल रागावले असताना "जा, त्या कोपऱ्यात ध्यानाला बस" असे म्हणणे ही शिक्षा झाली. मग ते मूल ध्यानाचे नाव काढताच तोंड फिरवील.

बंधूंनो, एक गोष्ट तुमच्यासाठी, आणि ती कडू आहे. घरात रोज दारू आणि मारहाण असेल तर वर लिहिलेल्यातले काहीही कामाला येत नाही. जिन्यावर बापाची पावले वाजली की पुस्तक मिटणाऱ्या मुलाचे चित्त अभ्यासात लागेल कसे? मूल सावरते ते घर सुरक्षित आहे या भरवशावर. तो भरवसाच आपण काढून घेतला, तर वर त्याच्याकडून कणखरपणाची अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही. आणि अशा घरातले मूल आपल्या शेजारी राहत असेल तर त्याला संध्याकाळी आपल्या मुलाबरोबर अभ्यासाला बोलवा. काउआई बेटावरच्या मुलांना सापडलेले ते एक माणूस कधी कधी शेजारचेही होते.

शेवटी निकालाविषयी. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातले होते. कारण एकच नसते. नापास होणे हे त्यांतले एक. म्हणून निकालाच्या आधीच घरात सांगून ठेवावे की दहावीत राहिलेल्या विषयांची पुरवणी परीक्षा थोड्याच आठवड्यांत होते, एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो, आयटीआयची वाट वेगळी आहेच. हे निकालानंतर सांगितले तर समजूत घातल्यासारखे वाटते. आधी सांगितले तर ती माहिती असते.

मूल अचानक गप्प झाले, झोपेनासे झाले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असे बोलू लागले, तर ते नाटक समजू नये. "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे, उलट मूल मोकळे होते. अशा वेळी त्याला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरकडे न्यावे. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते, मराठीतही बोलता येते. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवावेत, म्हणजे मुलांनाही दिसतील.

निकालाच्या दिवशी घरात कुणीतरी मोठे माणूस हजर राहावे. खाडा परवडत नसेल तर शेजारच्या आजींना किंवा मावशींना सांगून ठेवावे. निकाल मोबाइलवर दुपारी लागतो आणि आपण कामावरून रात्री येतो, मधले सात-आठ तास मुलाने एकट्याने काढू नयेत. रात्री आल्यावर गुण विचारण्याआधी जेवला का, ते विचारावे. आणि त्या दिवशीचा स्वयंपाक आधी ठरवला असेल तोच करावा, निकाल काहीही लागो.